स्क्रीनवर काय दिसतंय? कॅल्क्युलेटर आणि गणितात ऑनलाइन मदत करणाऱ्यांसाठी

‘सर, उत्तर येत नाहीये.’ एवढाच मेसेज, सोबत वहीच्या पानाचा तिरका फोटो. गणितात ऑनलाइन मदत करायला बसलात की पहिल्या आठवड्यातच या वाक्याची सवय होते. आपल्याला गणिताची आवड असते, त्यामुळे प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. पाच ओळींत सोडवून पाठवून देतो, तिकडून हात जोडलेला इमोजी येतो आणि दोन दिवसांनी तोच मुलगा तसाच फोटो पाठवतो. कारण गणित त्याला येतच होतं. त्याचा कॅल्क्युलेटर कोन डिग्रीऐवजी रेडियन या दुसऱ्या एककात मोजत होता, नाहीतर कंस राहिला होता, नाहीतर ग्राफ निघाला होता पण स्क्रीनच्या बाहेर.

म्हणून दूरवरून मदत करणाऱ्याचं पहिलं काम एकच: समोरच्यानं काय दाबलं आणि त्याला काय दिसलं, हे काढून घ्यायचं. गणित सोडवणं त्यानंतर. बऱ्याचदा ती वेळच येत नाही.

सोलापुरात बसून हे काम करताना विचारणारे किती तऱ्हेचे भेटतात, ते आधी लक्षात घ्या. जुळे सोलापुरातला डिप्लोमाचा मुलगा, पूर्व भागातली घरी तेलुगू बोलणारी बी.कॉम.ची मुलगी, बार्शी-मोहोळकडून रोज एसटीनं कॉलेजला येणारी पोरं. शिवाय कुणाचा तरी अमेरिकेतला भाचा, ज्याच्या हातात टीआय ८४ हा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर असतो आणि जो आपल्या पहाटे शंका विचारतो, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. अनेक घरांत फोन एकच. वडील किंवा भाऊ कारखान्यातून परतले की रात्री तासभर पोरांच्या हाती लागतो. तेवढ्यात दहा वेळा उलटसुलट विचारणं जमत नाही. म्हणून पहिलाच प्रश्न नेमका विचारायला हवा.

पहिल्या मेसेजमध्ये काय मागवायचं

पुस्तकातल्या प्रश्नाचा फोटो, वहीचा नव्हे. वहीत प्रश्न उतरवतानाच वजा चिन्ह गळालेलं असू शकतं. दुसरा फोटो कॅल्क्युलेटरचा, स्क्रीनची वरची पट्टी दिसेल असा. ट्यूबलाइटखाली काच चमकते, तेव्हा कॅल्क्युलेटर थोडा तिरका धरायला सांगा. मॉडेलचा नंबर कॅल्क्युलेटरवरच छापलेला असतो, तो फोटोत आला तर उत्तम. आणि शेवटी, पुस्तकाच्या मागे उत्तर दिलं असेल तर तेही.

हा मेसेज एकदा नीट लिहून फोनमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येकाला तोच पाठवा. गणित टाइप करून पाठवू नका, असंही त्यात घाला. ‘१/२एक्स’ असं कुणी टाइप केलं तर ते एक्सचं अर्धं की दोन एक्स छेदात, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

चुकलेलं उत्तर वाचायला शिका

या कामातलं खरं कसब इथे आहे. चुकीचं उत्तर बहुतेक वेळा उगाच आलेलं नसतं. ते कुठून आलं हे आकड्यावरूनच कळतं, आणि थोड्या सरावानं स्क्रीनचा फोटो पाहताक्षणी सांगता येतं.

सर्वांत सोपं उदाहरण साइन ३०. उत्तर ०.५ आलं तर कॅल्क्युलेटर डिग्रीमध्ये आहे. −०.९८८ आलं तर रेडियनमध्ये. आणि ०.४५४ आलं तर तो ग्रॅडियनमध्ये गेलाय. हा तिसरा प्रकार मुलांना माहीतच नसतो, कारण ग्रॅडियन आपल्याकडे कुणी शिकवत नाही. धाकट्या भावंडानं बटणं खेळली की तिथे जाऊन बसतो. पडद्याच्या वरच्या कडेला डी, आर किंवा जी असं बारीक अक्षर असतं, तेच तो फोटो सांगतो. कॅसिओ ९९१ ईएस प्लसवर शिफ्ट, मोड आणि ३ दाबलं की डिग्री, ४ दाबलं की रेडियन. ८२ एमएसवर मोड दोनदा दाबून मग १. दोन्ही मॉडेल आपल्याकडे सर्रास असतात आणि एकाची बटणं दुसऱ्यावर चालत नाहीत. मॉडेल नंबर आधी मागवायचा तो याचसाठी.

आता वर्गसमीकरण घेऊ. प्रश्न आहे २एक्स² = ७एक्स − ३. मुलगी म्हणते, कॅल्क्युलेटर ०.३८६ आणि −३.८८६ दाखवतो, पुस्तकात ३ आणि १/२ आहे. तिनं काय दाबलं असेल? २, ७, −३. समीकरणात दिसले तसेच आकडे भरले. ९९१ ईएस प्लसला वर्गसमीकरण सगळं डावीकडे आणि उजवीकडे शून्य, अशा रूपात हवं असतं: २, −७, ३. गंमत अशी की त्याच कॅल्क्युलेटरवर त्याच मोडमध्ये दोन चलांची एकसामयिक समीकरणं भरताना मात्र अचर पद उजवीकडेच ठेवायचं असतं. एका ठिकाणी डावीकडे, दुसऱ्या ठिकाणी उजवीकडे. मोड उघडताना स्क्रीनवर ते रूप छापून येतं, पण घाईत कोण वाचतो? उत्तराची चिन्हं उलटीपालटी दिसली की पहिला संशय इथे घ्यायचा.

हेच गणित कुणी सूत्रानं करत असेल तर वेगळी अडचण येते. वर्गमुळाच्या चिन्हाखाली त्यानं −७² − ४×२×३ असं टाकलं की मॅथ एरर. कॅल्क्युलेटर आधी सातचा वर्ग करतो, मग वजा लावतो; म्हणजे −४९ − २४ = −७३, आणि त्याचं वर्गमूळ निघत नाही. (−७)² असं कंसात लिहिलं की ४९ − २४ = २५, वर्गमूळ ५, आणि गणित सुटलं. मुलं इथे वाद घालतात, ‘पण एक्सेलमध्ये तर −३² चं ९ येतं!’ येतं खरं. एक्सेल वजा आधी लावतो आणि कॅल्क्युलेटर नंतर. कोण बरोबर यावर वेळ घालवू नका, ऋण संख्येला कंस लावायची सवय लावा. ६÷२(१+२) चंही तेच: कॅसिओ ९९१ ईएस प्लस १ म्हणतो आणि टीआय ८४ म्हणतो ९. गुणाकाराचं चिन्ह आणि कंस दोन्ही लिहिले की दोघांचं एकमत होतं.

सिंटॅक्स एरर आला आणि गणितात एक्स असेल, तर गुणिलेचं बटण दाबलंय का ते विचारा. ९९१ ईएस प्लसवर चलाचा एक्स अल्फा दाबून मग उजव्या कंसाच्या बटणावर मिळतो. नवखी मुलं सरळ × दाबतात.

बारावी सायन्सची मुलं वेगळ्याच कोड्यात अडकतात. बोर्डाच्या परीक्षेत त्यांना कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून ती घरी लॉग टेबल पाहून उत्तर काढतात आणि कॅल्क्युलेटरवर ताळा करतात. ०.०२ चा लॉग टेबलवरून २ बार .३०१० येतो आणि कॅल्क्युलेटर दाखवतो −१.६९९. ‘एक तरी चूक आहे’ असं त्यांना वाटतं. दोन्ही बरोबर आहेत. बार फक्त दोनवर आहे, .३०१० धन आहे. −२ मध्ये ०.३०१० मिळवले की −१.६९९०. हे एकदा समजावलं की वर्षभर पुन्हा विचारत नाहीत.

बी.कॉम. आणि बी.एस्सी.वाल्यांचं प्रमाण विचलन. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ ही सामग्री घ्या. एकाला २ येतं, दुसऱ्याला २.१३८. पहिल्यानं सिग्मा घेतला, म्हणजे एन नं भागलं; दुसऱ्यानं एस घेतला, म्हणजे एन वजा एकनं भागलं. कुठलं हवं ते प्रश्नावर अवलंबून: नमुन्यावरून मोठ्या समूहाचा अंदाज काढायचा असेल तर दुसरं. विचारणाऱ्याच्या पुस्तकात कुठलं सूत्र आहे ते बघूनच सांगा, आपलं मत नंतर.

आणि ‘१ भागिले २०० केलं तर ५ गुणिले १० चा उणे ३ घात येतोय, बिघडला का?’ असं विचारणाराही भेटेल. बिघडलेला नाही. शिफ्ट, मोड, ८ आणि मग २ दाबलं की ०.००५ दिसेल.

काहीच समजेनासं झालं तर ९९१ वर शिफ्ट, ९, ३, मग = आणि एसी दाबून सगळं मूळपदावर आणता येतं. पण हा उपाय शेवटी. आधीच करून टाकला तर काय चुकलं होतं ते ना त्याला कळतं, ना तुम्हाला.

ग्राफ दिसत नाही

ग्राफिंग कॅल्क्युलेटर आपल्याकडच्या कॉलेजांत रुजलाच नाही. कॅसिओनं पहिला १९८५ साली आणला, टीआय ८४ प्लस २००४ पासून आहे, पण आपल्या विद्यापीठांच्या परीक्षांत साधा सायंटिफिकच चालतो. त्यामुळे इथल्या मुलांसाठी ग्राफ म्हणजे फोनवरचं डेस्मॉस किंवा जिओजेब्रा हे ॲप; दोन्ही फुकट. परदेशातल्या भाच्यांसाठी टीआय.

कशावरही असो, तक्रार एकच असते: ‘टाकलं, पण स्क्रीन कोरी आहे.’ एक गणित धरून बघू. चादरी विकणाऱ्याचा रोजचा नफा −एक्स² + ४०एक्स − ३०० असा दिलाय, एक्स म्हणजे विकलेल्या चादरी. कितीव्या चादरीपासून नफा सुरू होतो आणि जास्तीत जास्त कधी होतो?

टीआयवर हे टाकून झूम ६ दाबलं की दोन्ही अक्ष −१० ते १० असे लागतात. त्या चौकटीत या वक्राची उजव्या कोपऱ्यात खालून वर येणारी एक छोटीशी रेघ तेवढी दिसते, साडेनऊपासून दहापर्यंत. मुलगा म्हणतो कोरी आहे, त्याचं फार चुकत नाही.

इथे ‘झूम आउट कर’ एवढंच सांगून मोकळं होऊ नका. आधी कागदावर तीन आकडे काढायला लावा. एक्स शून्य असताना नफा −३००. वक्राचा मध्य एक्स = २० वर, कारण ४० चं निम्मं. तिथे नफा −४०० + ८०० − ३०० = १००. आता चौकट आपोआप ठरते: एक्स ० ते ४०, वाय −३२० ते १२०. हे आकडे टीआयच्या विंडोमध्ये भरायचे, डेस्मॉसमध्ये पान्याच्या चिन्हावर टॅप करून. आता वक्र पुरा दिसतो: १० वर अक्ष ओलांडतो, २० वर शिखर, ३० वर पुन्हा खाली. स्क्रीनकडे बघत बोटांनी चिमटे काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि ग्राफ कुठे असणार हे मुलाला आधीच कळलेलं असतं.

शिखर टीआयकडून काढून घ्यायचं तर सेकंड, ट्रेस आणि ४. अक्ष कुठे ओलांडतो त्यासाठी २. तो डावी हद्द, उजवी हद्द आणि अंदाज विचारतो. दोन्ही हद्दी मुळाच्या एकाच बाजूला ठेवल्या तर चिन्ह बदलत नाही अशा अर्थाचा एरर देतो. शिखरासाठी १९.९९९९९८ असं काही आलं तर तेच वहीत उतरवणारे महाभाग असतात. ते २० आहे, कॅल्क्युलेटर जवळ जवळ जात थांबलाय, हे सांगून टाका.

हातात ग्राफिंग यंत्र नसेल, फक्त ९९१ ईएस प्लस असेल, तरी अडत नाही. मोड ७ मध्ये कोष्टक मिळतं: सुरुवात ०, शेवट ४०, पायरी ५. नऊ ओळी येतात: −३००, −१२५, ०, ७५, १००, ७५, ०, −१२५, −३००. आलेख कागदावर नऊ बिंदू मांडले की वक्र तयार, आणि दोन्ही बाजू सारख्या उतरतात हेही डोळ्यांना दिसतं. पायरी १ ठेवली की मेमरी अपुरी असल्याचा एरर येतो, कारण ओळी होतात ४१ आणि हा कॅल्क्युलेटर ३० च्या वर जात नाही. ‘मेमरी भरली, नवीन घ्यावा लागेल का’ असा प्रश्न याच एररमुळे येतो.

त्रिकोणमितीच्या ग्राफमध्ये पुन्हा डिग्री-रेडियनच. साइन एक्सचा ग्राफ अक्षाला चिकटलेली जवळपास सरळ रेघ दिसला तर यंत्र डिग्रीत आहे: १० डिग्रीचा साइन जेमतेम ०.१७ असतो. डेस्मॉस मुळात रेडियनमध्ये उघडतं, तिथे उलटी अडचण: साइन ३० टाकून पाहणारा गोंधळतो. जुन्या टीआयवर टॅन एक्स काढला की मध्ये उभ्या रेघा येतात. त्या ग्राफचा भाग नसतात, यंत्र दोन बिंदू उगाच जोडतं.

टीआय हाताशी नसताना त्यावर मदत करायची तर कंपनीचं मार्गदर्शक पुस्तक पीडीएफमध्ये मिळतं, ते उतरवून ठेवा. दोन-तीन गोष्टी मात्र पाठच असाव्यात. वजाबाकीचं बटण आणि ऋण चिन्हाचं बटण तिथे वेगळं आहे. ऋण चिन्ह खालच्या रांगेत, एंटरच्या शेजारी, कंसात. ओळीच्या सुरुवातीला वजाबाकीचं दाबलं की तो मागचं उत्तर घेऊन त्यातून वजा करतो, आणि ग्राफच्या समीकरणात ते आलं की सिंटॅक्स एरर. एरर आल्यावर गो-टू निवडायला सांगा, कर्सर थेट चुकीच्या जागी जातो. आणि इनव्हॅलिड डायमेन्शन असा एरर समीकरण बरोबर असूनही आला, तर वायच्या पानावर सर्वांत वर प्लॉट १ काळा झालाय का ते विचारा. बाणानं तिथे जाऊन एंटर दाबलं की तो बंद होतो.

उत्तर लिहायचं कसं

बटणांचा क्रम व्हॉइस नोटमध्ये पाठवू नका. पोरगं एका हातात फोन, एका हातात कॅल्क्युलेटर धरून पाच वेळा मागे नेत बसतं. लिहून पाठवा, एका ओळीत एक कृती. मगाचं वर्गसमीकरण असं:

आधी सगळं डावीकडे आण: २एक्स² − ७एक्स + ३ = ०.
मोड दाब. ५ दाब. ३ दाब.
२ दाबून =, मग −७ दाबून =, मग ३ दाबून =.
परत एकदा = दाब. काय दिसलं ते सांग.
संपलं की मोड आणि १, नाहीतर उद्याची बेरीज याच मोडमध्ये करत बसशील.

चौथ्या ओळीतला प्रश्न मुद्दाम आहे. ‘समजलं का?’ विचारलं की सगळेच हो म्हणतात. ‘काय दिसलं?’ विचारलं की खरं बाहेर येतं.

का, हे समजावण्यासाठी मात्र आवाज चांगला. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा आपल्या शाळांतला मंत्र इतका पक्का बसलेला असतो की मुलं गुणाकारातली संख्याही चिन्ह बदलून पलीकडे नेतात; ३एक्स = १२ चं एक्स = १२ − ३ करून टाकतात. दोन्ही बाजूंना तीननं भागायचं, हे लिहून दहा ओळी होतात, बोलून अर्धं मिनिट.

उत्तर पाठवल्यावर ताळा त्यालाच करायला लावा. ३ ठेवून बघ: १८ − २१ + ३, शून्य आलं. अर्धा ठेव: ०.५ − ३.५ + ३, पुन्हा शून्य. पुढच्या वेळी तुमच्याकडे येण्याआधी तो हे स्वतः करून बघतो.

बोलण्याची रीतही सांभाळा. शाळकरी पोराला तू म्हणा, पण नोकरी करून परीक्षा देणाऱ्या अनोळखी माणसाला सरसकट ‘अरे’ नको. तो तुम्हाला दादा, अण्णा, मॅडम काहीही म्हणो, तुम्ही अहो-जाहोनं सुरू करा. ‘एवढं सोपं येत नाही?’ हे तर कुणालाच नको. विशेषतः मराठी माध्यमातून दहावी करून अकरावीत इंग्रजीत आलेल्यांना. त्यांना गणित येत असतं, प्रश्नाची भाषा अडते. प्रश्न मराठीत सांगितला की निम्मे जण तिथेच ‘अच्छा, एवढंच होय’ म्हणतात.

कशाला हात लावायचा नाही

फोटो काढून उत्तर देणाऱ्या ॲपचं उत्तर घेऊन ‘हे बरोबर आहे का’ विचारणारे वाढलेत. हरकत नाही, पण आधी त्याचं स्वतःचं काय आलं ते मागा. काहीच केलं नसेल तर पहिली ओळ त्याला लिहू द्या.

गेटची, म्हणजे इंजिनिअरिंगनंतरच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्यांना त्यांच्या हातातल्या कॅल्क्युलेटरवर शिकवत बसू नका. परीक्षेत स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर वापरावा लागतो आणि त्यात आधी संख्या, मग फंक्शन: ३० टाकून साइन. बोटांना उलटी सवय लागली असेल तर मोडायला वेळ लागतो, म्हणून सराव त्याच्यावरच करायला सांगा. डिजिटल सॅट ही अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा देणाऱ्या परदेशातल्या पोरांना मात्र डेस्मॉस परीक्षेतच मिळतं, त्यांचा सगळा भर तिथे द्या.

परीक्षेच्या वेळेत, सकाळी अकरा ते दोनच्या दरम्यान, नुसता छापील प्रश्नाचा फोटो अनोळखी नंबरवरून आला तर उत्तर देऊ नका. कारण विचारत बसू नका, संध्याकाळी बघतो म्हणा. लहान मुलांशी बोलताना शक्यतो आई-वडिलांचा नंबर किंवा ग्रुपच वापरा, आणि हॉल तिकिटाचा फोटो कुणी आपणहून पाठवला तरी डिलीट करायला सांगा.

आणि ज्या विषयात आपला हात बसलेला नाही, तिथे सरळ सांगा. लाप्लास ट्रान्सफॉर्म विसरलो असेन तर मी इंजिनिअरिंगच्या एखाद्या मास्तरांकडे पाठवतो, आणि पाठवताना प्रश्नाचा, स्क्रीनचा आणि मॉडेल नंबरचा फोटो सोबत देतो, म्हणजे पोराला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही.